अध्याय सत्तावीस

मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
म्हणून यंदाच्या श्रावणात पोथी माझ्याकडे आली.
लाल फडक्यात बांधलेली, कापराचा वास,
कडेची अक्षरं वाळवीनं माझ्याआधी वाचून टाकलेली.

दिवसभर रोवणी.
पऱ्ह्यांच्या पेंढ्या सोडून सोडून बोटांची सालं निघतात,
तीच बोटं धुऊन, पदराला पुसून
मी राजाच्या नगरीचं वर्णन वाचते.
चाळीस ओव्या नगरी.
बारा ओव्या घोडा.
राणीला दीड:
कमळासारखे डोळे, हंसासारखी चाल.
"बांधीतल्या गारात चालून पाय म्हना तिले,"
मागून गयाबाई.
बाया हसतात. मामाजी खाकरतात.

मोज म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.
राणी बोलली की लाखोरीचा एक दाणा वाटीत.
सव्वीस अध्यायांत सात दाणे.
चार रडतानाचे,
दोन 'जशी आज्ञा',
एक नुसतंच 'हाय'.
घोड्याला नाव आहे, धनुष्याला आहे,
राजाच्या पोपटाला तर दोन आहेत.

आज सत्ताविसावा.
राजानं कुण्या जोग्याला शब्द दिला, मागशील ते देईन.
जोग्यानं राणी मागितली.
वरून देवांनी फुलं टाकली.
राजावर.

    जातें म्हणे ते सुंदरी । मस्तक ठेवी चरणांवरी ।
    उणा शब्द अंतरीं । उपजेचिना ॥

'उपजेचिना'पाशी माझी जीभ अडली.
तिच्या अंतरात कोण जाऊन बघून आलं?

"वाच ना पुढं. थांबली काहून?"
"अक्षर पुसलंय," मी म्हटलं.
अक्षर काळंभोर होतं.

तेवढ्या फटीतून बाया आत शिरल्या.
"परीक्षा त्याची होती ना? मंग थे काहून गेली?"
"त्या दिवशी जेवली तरी होती का?"
तीनदा माहेरी परत आलेली शेवंता म्हणाली,
"मायघरी निरोप धाडला असंल तिनं.
लिहिनाऱ्यानं खाल्ला."
आणि गयाबाई, वात वळता वळता,
"'जाते' काय म्हन्ते नरमावून?
आपल्यासारखं 'जातो' म्हनाव."

खरंच, आमच्याकडे बाई 'जातो' म्हणते,
'येतो' म्हणते, 'पान्याले जातो व माय' म्हणते.
भंडाऱ्याला डी.एड. करताना मॅडमनी
माझ्या वहीतला तो 'तो' लाल शाईनं कापला होता.
सोळा वर्षं झाली, मी 'जाते'च आहे.
तसा 'जातो' म्हणून काही फार होत नाही,
रोवणीची मजुरी तरीही
गड्यापेक्षा ऐंशी रुपयांनी कमीच हातात पडते.
पण तोंडात तो शब्द कसा
उंबऱ्याबाहेर पाय टाकल्यासारखा वाजतो.

मामाजी गप्प होते.
पोथी त्यांना पाठ आहे,
कुठली ओवी पुसली, कुठली नाही,
त्यांना माहीत असणारच.
खूप वेळानं म्हणाले,
"तुही सासू बी इथंच उठे.
दरसाल. हेच पान आलं का चुलीकडं जाय.
मले वाटे, दूध ओतू जाते."

कुणी हसलं नाही.
गयाबाईची वात अर्धीच राहिली.
मी सासूबाईंना पाहिलेलं नाही,
एक फोटो आहे, त्यात डोक्यावरचा पदर
कपाळाच्याही खाली ओढलेला.
घरात तेव्हा दुभतं काहीच नव्हतं,
हे मला नवऱ्यानं कधीतरी सांगितलेलं.

राणी काही बोलली नव्हती,
तरी आठवा दाणा मी वाटीत टाकला.

बाहेर बेडकं लागलेली.
उद्या बोडीखालची बांधी, पहाटेच निघायचं आहे.
"ठेवू का बांधून?" मी विचारलं.
एकही बाई उठली नाही.
मामाजींनी फडकं स्वतःच्या मांडीखाली सारलं.
मी वात वर केली,
पान तसंच उघडं ठेवलं, त्यातून नजर काढली,
आणि म्हटलं,
"आइका. पुढचं मी सांगतो."